घरट्यातला पुदिना

एकतीस नंबरच्या पेटीत मास्तरांनी हात घातला आणि आतल्या पिल्लाने त्यांच्या मनगटावर नेम धरून घाण केली. वरच्या फांदीवर पिल्लाच्या आईने आकांत मांडला. एवढं कमी होतं म्हणून की काय, खिशातला फोन वाजायला लागला.

"अगं बाई, खात नाहीये मी तुझ्या पोराला!" मास्तर मैनेवर खेकसले आणि दुसऱ्या हाताने कसाबसा फोन कानाला लावला.

"मास्तर, कुठे आहात?" बाईंचा आवाज.

"कुठे असणार? शिडीवर."

"लगेच ऑफिसात या."

"पिल्लू हातात आहे, बाई."

"ठेवा आणि या."

मास्तरांनी पिल्लू ठेवलं, पेटीचं झाकण लावलं, हात पॅन्टला पुसला आणि शिडी उतरताना संस्थेच्या सगळ्या अधिकाऱ्यांचा एकत्रित उद्धार केला. चार पेट्या राहिल्या होत्या. आता परत यायचं म्हणजे पुन्हा शिडी, पुन्हा तोच आकांत.

मास्तर म्हणजे काही शिकवणारे मास्तर नव्हेत. सव्वीस वर्षांपूर्वी ते या शेती संशोधन संस्थेत माळी म्हणून लागले. पुढे पक्ष्यांवर काम करणाऱ्या बाईंना झाडावर चढणारा माणूस हवा होता, तेव्हा यांची बदली तिकडे झाली. एकदा कॉलेजची मुलं बाग बघायला आली. बाईंना यायला उशीर झाला, म्हणून यांनीच घरट्यांतल्या किड्यांवर बोलायला सुरुवात केली, ती पाऊण तास थांबलेच नाहीत. मुलांनी जाताना 'किडेमास्तर' असं नाव ठेवलं. त्यातले किडे कालांतराने गळाले आणि मास्तर राहिलं.

किडे मात्र नावातूनच गळाले. बाकी ते सगळीकडे होते. कॉलरीत, भुवयांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली. घरी दारातच बायको गरम पाण्याची बादली घेऊन उभी असायची. कपडे तिथेच बादलीत, आणि मग माणूस आत.

याला कारण मैना. मैना घरटं बांधते ते काड्या, गवत, पिसं असलं मिळेल ते गोळा करून. पण अंडी घालायची वेळ जवळ आली, की नर कुठून कुठून हिरवा पाला चोचीत धरून आणतो. तोसुद्धा कुठलाही नाही. पुदिना, ओव्याची पानं, बडीशेपेचे तुरे, दवणा. वासाचाच पाला. शेजारी बिनवासाचं लुसलुशीत गवत असलं तरी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. हे कशासाठी? बाईंचं म्हणणं होतं की औषधासाठी. घरट्यात खसखशीएवढे रक्त पिणारे किडे असतात, ते पिल्लांना बेजार करतात. या वासाने ते मरत असणार, निदान पळत असणार.

मग प्रयोग ठरला. बागेत अठ्ठेचाळीस लाकडी पेट्या टांगल्या. निम्म्या पेट्यांत नराने आणलेला पाला तसाच ठेवायचा. निम्म्यांतून तो रोज काढून टाकायचा आणि साधं गवत घालायचं. (नर रोज पुन्हा आणायचा. मास्तर रोज पुन्हा काढायचे. दोघेही एकमेकांना शिव्या देत.) पिल्लं उडून गेली की अख्खं घरटं पिशवीत भरून प्रयोगशाळेत आणायचं, मोठ्या नरसाळ्यात ठेवायचं आणि वर दिवा लावायचा. उष्णतेने किडे खाली पळतात आणि टपाटप स्पिरिटच्या बाटलीत पडतात. ते ताटलीत ओतून भिंगाखाली एकेक मोजायचे. एका घरट्यात कधी वीस, कधी चारशे. असे सहा हंगाम. मोजणारे एकटे मास्तर.

ऑफिसात बाईंच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता आणि चष्मा त्याच्यावर पालथा पडला होता. बाई डोळे चोळत होत्या. चौदा महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या आणि त्याआधी या प्रयोगावरचा एक पेपर छापून यावा एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"परत आला," बाई म्हणाल्या.

"कोण?"

"पेपर. छापायला नकार दिलाय. बसा."

मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं. "मी उभाच बरा."

"पाला असलेल्या घरट्यांत किडे कमी निघायला हवेत. सहा वर्षांत एकदाही निघाले नाहीत. इकडे सरासरी एकशे अठरा, तिकडे एकशे एकवीस. पहिल्या वर्षी मी म्हटलं, पाऊस जास्त झाला. दुसऱ्या वर्षी म्हटलं, उन्हाळा लांबला. आता काय म्हणू?"

"नसतील मरत पाल्याने."

"मास्तर, तुम्ही…" बाई थांबल्या. चष्मा उचलून पुन्हा ठेवला. "नीट मोजलेत ना?"

"नीट म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक बाटली. शेवटपर्यंत. हे बघा, मी दोष देत नाही. दिवसभर झाडावर चढायचं, मग संध्याकाळपर्यंत भिंगाखाली डोळे फोडायचे. कंटाळा येतो माणसाला. अंदाजाने लिहिलं जातं कधीतरी. मी समजू शकते."

त्या ओरडल्या असत्या तर मास्तर उलटून ओरडले असते. त्या समजून घेत होत्या, याचं काय करायचं ते मास्तरांना कळेना.

"अंदाजाने," ते म्हणाले.

"कधीतरी, म्हटलं मी."

"बाई, चौथ्या वर्षी बावीस नंबरच्या घरट्यात चारशे सदतीस निघाले होते. मला तीनदा शिंक आली आणि तीनदा पहिल्यापासून मोजले मी. अंदाजाने लिहायचं तर चारशे लिहिले नसते?"

"पेपर तपासणाऱ्या लोकांनी हेच विचारलंय. मोजणारा एकच माणूस. त्याला कुठली पेटी पाल्याची हे आधीच माहीत. मी काय उत्तर देऊ? बाटल्या आहेत ना सगळ्या?"

"दोनशे एकसष्ट. कपाटात. ओळीने."

"दुसऱ्याकडून मोजून घेऊ. चिठ्ठ्या झाकून."

"घ्या," मास्तर म्हणाले. "आणि माझा राजीनामाही घ्या, उद्या लिहून आणतो."

घरी आल्यावर बादलीत कपडे टाकताना त्यांनी शर्टाचं एक बटण तोडलं. जेवायला बसल्यावर बायको म्हणाली, "आज कोणाशी भांडलात? बाईंशी की मैनेशी?"

मास्तरांनी सांगितलं. सांगताना त्यांना वाटलं, ही हसेल. ती नेहमी हसायची, कारण नवरा घरी येऊन रोज कोणाला ना कोणाला शिव्या घालायचा आणि त्यातल्या निम्म्या पक्ष्यांना असायच्या. पण ती हसली नाही. तिने हातातली पोळी ताटात ठेवली.

"फोन लावा त्यांना."

"कशाला?"

"लावा म्हणते ना!"

"अगं, साहेब आहेत त्या माझ्या."

"तुमच्या असतील. माझ्या नाहीत." तिने फोन उचलला, स्वतःच लावला आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर नमस्कार-चमत्कार न करता सुरू झाली, "बाई, मी मास्तरांच्या घरून बोलतेय. हे किडे मोजतात की नाही ते मला माहीत नाही. पण सहा वर्षं दर हंगामात मी यांच्या अंगावरचे किडे झटकतेय. उशीचे अभ्रे उकळतेय. माझी बहीण आमच्याकडे राहायला येत नाही. ते अंदाजाने आले होते का?"

 पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या. बायकोने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बाटल्या मोजून होईपर्यंत राजीनामा देऊ देऊ नका." तिने पोळी पुन्हा उचलली. "आणि अभ्रे उकळताना पाण्यात सोडा घाला म्हणाल्या."

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

मोजायला बाईंनी दूध तपासणीच्या विभागातल्या एका ताईंना मागून घेतलं. त्या दुधातले जंतू मोजायच्या, तेव्हा किड्यांचं काय, असा बाईंचा हिशोब. मास्तरांनी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर कोरा कागद चिकटवला, वर नवे आकडे घातले आणि रोज सकाळपासून एकामागून एक बाटली ताईंच्या पुढ्यात ठेवायला लागले. स्वतःच्या कामाचा पंचनामा स्वतःच्या हाताने.

ताई पहिल्या दिवशी हसतमुख होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळ्यांत थेंब घातले. तिसऱ्या दिवशी भिंग बाजूला सारून म्हणाल्या, "मास्तर, माझं आज सकाळपासून जे खाजतंय, ते खरं आहे की मनातलं?"

"निम्मं निम्मं," मास्तर म्हणाले.

"यातल्या किती बाटल्या तुम्ही मोजल्यात?"

"सगळ्या."

"एकट्याने?"

"नाही, मैना यायच्या मदतीला."

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि त्यानंतर त्या मास्तरांना चहा दिल्याशिवाय स्वतः प्यायल्या नाहीत.

भांडण झालं ते नवव्या दिवशी. ताईंनी एका बाटलीचा आकडा सांगितला, एकशे तीन. मास्तर सवयीने ताटलीवर वाकले.

"हा नाही."

"काय नाही?"

"हा कोपऱ्यातला. हा किडा नाही, मातीचा कण आहे."

"मास्तर, पाय दिसतायत त्याला."

"काडीचा तुकडा चिकटलाय. सुईने ढकला. बघा, विरघळला."

"अहो, एका कणाने काय होतंय? तुमचा आकडा कदाचित एकशे तीनच असेल! उगाच स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेताय?"

"असेना. एकशे दोन लिहा." मास्तर चिडून म्हणाले. "माझा चुकला असेल तर माझा चुकला. माती ती माती."

ताईंनी कपाळाला आठ्या घालून एकशे दोन लिहिलं.

पंधराव्या दिवशी सगळे आकडे शेजारी शेजारी मांडले. एकूण किडे एकतीस हजारांच्या आसपास. दोघांच्या मोजण्यात सगळा मिळून फरक चौऱ्याहत्तरचा. एकशे दोनच्या त्या बाटलीवर मास्तरांनी त्या वर्षी एकशे दोनच लिहिलं होतं. ताईंनी कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता मला माझं दूध परत द्या."

त्या गेल्या. बाई कागदाकडे पाहत राहिल्या. आता आपल्याला आनंद होईल, असं मास्तर पंधरा दिवस धरून चालले होते. पण बाईंचे हात टेबलावर असे पडले होते, जणू कोणी त्यांतलं काही काढून घेतलं होतं.

"म्हणजे तुमचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "आणि पाल्याने काहीही होत नाही. सहा वर्षं मी काहीही न होण्याचा अभ्यास केला."

"काही होत नाही असं कोण म्हणालं?"

"आकडे म्हणतायत, मास्तर."

"किड्यांचे आकडे म्हणतायत!" मास्तरांचा आवाज चढला. "किड्यांना काही होत नाही. पिल्लांचं काय? तीन वेळा सांगितलं मी तुम्हाला. पाल्यातली पिल्लं हाताला जड लागतात. बोट धरलं तर सोडत नाहीत. तुम्ही म्हणालात, लागतात म्हणजे काय, आणि वजन हा आपला प्रश्न नाही."

"असं म्हणाले मी?"

"तिसऱ्या वेळी तर मान वर करूनसुद्धा बघितलं नाहीत."

ते तणतणत आपल्या खोलीत गेले आणि एक वही घेऊन आले. त्यांचा मेहुणा पोस्टात होता. तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्याकडून पाकिटं तोलायचा एक जुना काटा यांनी मागून घेतला होता. हाताला जे लागतं ते खरं की खोटं, एवढंच स्वतःला पाहायचं होतं. मागचे चार हंगाम पिल्लं उडायच्या दोन दिवस आधी मास्तर त्यांना कापडी पिशवीत घालून तोलत होते आणि लिहून ठेवत होते. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

बाईंनी वही वाचली. मग पहिल्यापासून पुन्हा वाचली. एक कागद ओढला, दोन रकाने पाडले आणि बेरजा करायला लागल्या. अर्ध्या तासाने मान वर केली, तेव्हा चेहऱ्यावर रंग परत आला होता.

"पाल्यातलं पिल्लू सरासरी चार ग्रॅमने जड आहे. चारही वर्षं." त्या जवळजवळ स्वतःशीच बोलत होत्या. "किडे तेवढेच. रक्त तेवढंच पितात. तरी पिल्लू जड. म्हणजे पाला किड्यांवर काम करत नाही. पिल्लांवरच करतो. त्यांच्या अंगात सोसायची ताकद येते. मी सहा वर्षं चुकीच्या प्राण्याकडे बघत होते."

"मग झालं तर. लिहा तसं."

बाईंचा चेहरा पुन्हा उतरला. "नाही लिहिता येणार. ही पिल्लं तोलली कोणी?"

"मी."

"आणि कुठली पेटी पाल्याची, हे तुम्हाला माहीत होतं."

"म्हणजे हेही गेलं?"

"पुन्हा तोच प्रश्न विचारतील."

"अहो, पण एकतीस हजार किडे बरोबर मोजणारा माणूस पिल्लं तोलताना खोटं बोलेल का?"

"मला माहीत आहे, तुम्ही नाही बोलणार."

बाईंनी वही मिटून बाजूला ठेवली.

"आता पेट्यांत पिल्लं आहेत का?" बाईंनी विचारलं.

"दुसऱ्या विणीची आहेत. अकरा पेट्यांत. परवा-तेरवा उडतील."

"यंदा कुठल्या पेटीत पाला आहे ते मला माहीत नाही. तुम्ही मला सांगू नका. पिल्लं खाली आणून द्यायची, मी तोलते."

"तुम्ही?"

"का? येत नाही का मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बागेत आल्या. पायात ऑफिसच्या चपला, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात संस्थेचा नवा काटा. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या बागेत आल्याच नव्हत्या. मास्तरांनी त्यांच्यासाठी एक उलटी बादली मांडली आणि स्वतः शिडी चढले.

काम सोपं होतं आणि मास्तरांना फार जड गेलं. पिल्लं पिशवीत घालून खाली आणायची, बाईंच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. चेहऱ्यावरसुद्धा काही दिसू द्यायचं नाही. पाल्याच्या पेटीतलं पिल्लू बाईंनी काट्यावर ठेवलं की मास्तरांना आकाशाकडे बघावं लागे.

"आकाशात काय आहे?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ऊन."

बाई हळू होत्या. पिल्लू पिशवीतून निसटलं, एकदा मांडीवर, एकदा गवतात. तिसऱ्या पेटीपाशी पिल्लाने त्यांच्या साडीवर घाण केली, तेव्हा मास्तरांना सकाळपासून पहिल्यांदा बरं वाटलं. सहाव्या पेटीनंतर बाईंचा हात बसला. त्या पिल्लाची मान दोन बोटांत नीट धरायला लागल्या आणि काट्यावर ठेवायच्या आधी क्षणभर तळहातावर तोलून बघायला लागल्या.

आठव्या पेटीची पिल्लं हातात असताना त्या एकदम म्हणाल्या, "मास्तर, त्या दिवशी मी ऑफिसात जे बोलले…"

"वजन सांगा, बाई. पिल्लू गार पडतंय."

"चौसष्ट."

"चौसष्ट," मास्तरांनी लिहिलं.

अकरा पेट्या व्हायला दुपार झाली. बाईंनी प्रत्येक पेटीपुढे पाला आहे की नाही याचा स्वतःचा अंदाज लिहिला होता. मग मास्तरांनी खिशातून खरी यादी काढली. दोघं बादलीवर कागद ठेवून वाकले. अकरापैकी नऊ बरोबर निघाले.

"बघा!" मास्तर म्हणाले.

"हा पुरावा नाही. अकरा पेट्यांनी काही सिद्ध होत नाही."

"नाहीच होणार! तुमचं कधी काही सिद्ध होणार आहे का?"

"पुढच्या वर्षी पहिल्यापासून करायचं. सगळ्या पेट्या. पाला काढणारा वेगळा, तोलणारा वेगळा. दूधवाल्या ताई येतील का?"

"ताईंनी माझं नाव ऐकलं तरी अंग खाजवतील त्या." मास्तर कागद गोळा करत होते. "आणि पुढच्या वर्षी तुम्ही कुठे? हंगाम संपायच्या आत तुम्हाला निरोप द्यायचा आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत निम्म्या पेट्या होतील. उरलेल्या तुम्ही बघा. पेपरवर तुमचं नाव घालणार आहे मी. आभारांत नाही, वर. माझ्या शेजारी."

मास्तरांना यावर काहीतरी बोलायचं होतं. नाव किडेमास्तर असंच घालणार का, असं काहीतरी. पण त्यांनी कागदांची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

शेवटच्या पेटीतली पिल्लं अजून पिशवीत होती. ती परत ठेवायला मास्तर शिडीकडे वळले, तर बाईंनी पिशवी त्यांच्या हातातून घेतली.

"मी ठेवते."

"काहीतरीच काय! गुडघे बघा तुमचे. पडाल आणि मला कामाला लावाल."

"धरा शिडी."

त्या चढल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, तोंडाने मोजत. वर पोहोचल्यावर त्यांनी झाकण उघडलं, पिल्लं एकेक करून आत सोडली. मैना वरून ओरडत होती, तिच्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. मग त्या पुढे वाकल्या आणि पेटीच्या तोंडापाशी चेहरा नेला.

"मास्तर," वरून आवाज आला, "अजून येतोय."

"काय?"

"वास. पुदिन्याचा. पार वाळलाय, घाणीतून येतोय, तरी येतोय."

सहा हंगाम झाले होते. मास्तरांच्या नाकाला तो वास इतका सवयीचा झाला होता की आता येतही नव्हता. बाईंनी तो पहिल्यांदा घेतला, हे तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं.

"बरं. उतरा आता," असं ते म्हणणार होते. ऊन डोक्यावर आलं होतं, मान अवघडली होती आणि कॉलरीत काहीतरी सरसरत होतं. पण बाई तशाच वाकून उभ्या होत्या. मास्तरांनी शिडीवरचा हात घट्ट केला आणि तसेच उभे राहिले.